पाठीला पाठ लावलेली पानं

चित्रकथीच्या पोथीतलं पान हातात घेतलं की कागदाच्या मानानं जड लागतं. त्यात दोन कागद असतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. समोर रावण सभेत बसलेला, पान फिरवलं की त्याचं सैन्य निघालेलं. पोथी म्हणतात खरं, पण ती शिवलेली किंवा बांधलेली नसते. सुटी पानं क्रमानं एकावर एक रचून कापडात गुंडाळलेली असतात. एका पोथीत एकच आख्यान. सांगणारा पान उचलतो, दाखवतो, उलटतो, बाजूला ठेवतो. पानांचा गठ्ठा एका बाजूनं उतरत जातो आणि दुसऱ्या बाजूला चढत जातो.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘नक्कल’ हा विषय दिला, तेव्हा सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीला जायचं ठरवलं. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं तिथं आजही हातानं रंगवली जातात, आणि त्यातली बरीचशी जुन्या पोथ्यांमधल्या चित्रांवरून. जुन्या पानांवर चित्रकाराची सही नाही, साल नाही. ती पानंही आधीच्या कुठल्या तरी पानांवरूनच उतरवलेली असणार. अशा ठिकाणी कशाला मूळ म्हणायचं आणि नक्कल चांगली की वाईट हे कशावरून ठरवायचं, एवढाच प्रश्न घेऊन गेलो होतो.

गुढीपूर

कुडाळ स्टेशनवर उतरलं की पिंगुळी हाकेच्या अंतरावर. राऊळ महाराजांच्या मठामुळे गावाचं नाव भाविकांना ठाऊक आहे. चित्रकथीसाठी येणारा मात्र गुढीपूर विचारत येतो. ही ठाकर समाजाची वस्ती. माडांच्या सावलीत घरं, पुढं शेणानं सारवलेलं खळं, पडवीत खुंटीला टांगलेल्या बाहुल्या. या समाजाकडे एकूण अकरा कला आहेत असं इथले लोक सांगतात. दोऱ्यांवर नाचणाऱ्या कळसूत्री बाहुल्या, पडद्यामागून दिव्याच्या उजेडात खेळवायच्या चामड्याच्या बाहुल्या, पांगुळ, गोंधळ, राधानाच आणि चित्रकथी.

याच वस्तीत परशुराम गंगावणे यांनी 2006 मध्ये आपल्या गोठ्याचं संग्रहालय केलं. नाव ‘ठाकर आदिवासी कला आंगण’. गुरं बांधायच्या जागेत जुनी चित्रं, बाहुल्या आणि वाद्यं मांडली. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि पिंगुळीचं नाव वर्तमानपत्रांत सगळीकडे आलं. मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्या गाड्या आता वाट वाकडी करून इथं थांबतात. काहींना तासाभराचा बाहुल्यांचा खेळ पाहायचा असतो, काहींना घरात लावायला चित्र हवं असतं. रात्रभर चालणारं आख्यान ऐकायला येणारा विरळा.

या कलेला आश्रय मिळाला तो सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांचा. कोणत्या घरानं कोणत्या देवळात आख्यान लावायचं, याचे मान ठरलेले असत. ठरलेल्या काळात तिथं जाऊन पोथी सांगायची आणि त्याबद्दल देवस्थानाकडून, गावाकडून धान्य आणि बिदागी घ्यायची. त्याहून मागची एक आठवण घरोघरी ऐकायला मिळते. शिवाजी महाराजांच्या काळात कथा सांगत फिरणारे ठाकर मुलखाची बित्तंबातमी आणत, अशी. कागदोपत्री पुरावा कुणी मागत नाही. गावोगाव फिरणाऱ्या माणसाला सगळ्या वाटा ठाऊक असतात, तेवढं कारण ऐकणाऱ्याला पुरतं.

आख्यान लागतं तेव्हा

चित्रकथी सांगायला साधारण तीन माणसं लागतात. मधला मुख्य सांगणारा. त्याच्याकडे वीणा. साथीला टाळ आणि हुडूक. हुडूक हे मधे बारीक आणि दोन्ही तोंडांना रुंद असं छोटं चर्मवाद्य. पोथी उघडली की आधी गणपतीचं पान दाखवायचं, मग सरस्वतीचं. त्यांना नमन झाल्याशिवाय आख्यान सुरू होत नाही.

मग पहिलं पान उभं धरलं जातं. सांगणारा प्रसंग गाऊन मांडतो, मग गाणं थांबवून बोलायला लागतो, पात्रांचे संवाद म्हणतो, मधेच एखादी कोपरखळी मारतो. साथीदार ‘जी जी’ करत ओळ उचलतात. पानावर जे आहे तेवढंच सांगायचं असं बंधन नसतं. एका पानावर तो अर्धा तास थांबू शकतो आणि कंटाळलेले चेहरे दिसले की पुढची चार पानं भराभर उलटू शकतो. चित्र जागच्या जागी राहतं, लांबी-रुंदी ठरते ती आवाजात.

हे समोर बसून पाहिलं की चित्रांची घडण तशी का आहे ते उलगडत जातं. चेहरे बहुतेक एका बाजूनं दिसणारे. कारण प्रत्येक पात्र कुणाशी तरी बोलतंय, आणि कुणाशी ते लांबूनही कळायला हवं. डोळे चेहऱ्याच्या मानानं मोठे, बाहुल्या काळ्याभोर. बाह्यरेषा ठसठशीत. मागं डोंगर नाहीत, आकाश नाही, क्षितिजाची रेघसुद्धा नाही. झाड हवं असेल तर एकच, तेही फांद्या मोजून घ्याव्यात असं. राजाला मुकुट, योद्ध्याला धनुष्य, रावणाला एका रांगेत मांडलेली डोकी. युद्धाच्या पानात एक सैन्य डावीकडे, एक उजवीकडे आणि बाण मधोमध एकमेकांना भिडलेले. देवळाच्या सभामंडपात, समईच्या किंवा पलित्याच्या उजेडात, दहा हातांवर बसलेल्या माणसाला हे सगळं ओळखू यायला हवं, हा हिशेब त्यामागं आहे. पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या शेजारी ठेवून पाहिल्या तर नातं लगेच दिसतं. पडद्यावर सावली पडायची तर आकृती बाजूनंच कापावी लागते. कागदावरच्या आकृत्यांनीही तोच कायदा पाळलाय.

दख्खनेत हा पेशा जुना. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख येतो. त्यांच्या हातातली चित्रं आज आपल्याकडे नाहीत. कागद, कापड, फळ्या जे काही असेल ते झिजलं, कुजलं. मधल्या काळात कथा चालत राहिली असेल तर ती दुसऱ्या प्रतींवरून.

वाल्मीकींच्या पलीकडलं रामायण

या चित्रांना महाकाव्याची चित्रं म्हणायचं, पण संस्कृत ग्रंथ शेजारी उघडून बसलं तर गोंधळ उडेल. पिंगुळीच्या पोथ्यांमधलं रामायण हे लोकांच्या तोंडचं रामायण आहे. अहिरावण-महिरावण राम-लक्ष्मणांना पाताळात पळवून नेतात आणि मारुती त्यांना सोडवून आणतो, ही कथा वाल्मीकींकडे नाही. इकडच्या माणसाला मात्र ती लहानपणापासून पाठ असते. मराठी घरांत रामायण-महाभारत पोचलं ते मुख्यतः ओवीतून. एकनाथांचं ‘भावार्थ रामायण’, श्रीधरांचे 1703 मधला ‘रामविजय’ आणि 1712 मधला ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ देवळात, वाड्यात, ओसरीवर वाचले गेले. चित्रकथ्याचं आख्यान या वाचनाच्या शेजारी वाढलं. ग्रंथातलं काही इकडे आलं, काही त्यानं आपल्या वाडवडिलांकडून घेतलं, काही ऐकणाऱ्यांना आवडतं म्हणून ठेवलं.

त्यामुळे चित्र हे कुठल्या एका श्लोकाचं किंवा ओवीचं चित्र नसतं. ते आख्यानातला मुक्काम दाखवतं. इथं थांबायचं, इथं पात्रं समोरासमोर आणायची, इथून पुढं निघायचं. सीतास्वयंवराच्या प्रसंगात धनुष्य उचलायला आलेला रावण हवाच, कारण तो उताणा पडला की सभामंडपात हशा पिकतो. नकलून काढणारा चित्रकार तो रावण वगळू शकत नाही. तो वगळला तर सांगणाऱ्याच्या हातातला हमखास हशा जातो.

पोशाखही त्या त्या काळचे. जुन्या पानांवरच्या राजांचे अंगरखे आणि पगड्या बघून मराठेशाहीची आठवण येते. राम त्रेतायुगातला, पण त्याच्या सैन्यातला शिपाई सावंतवाडीच्या दरबारात उभा शोभला असता. प्रत काढणाऱ्यांनी आपल्या डोळ्यांसमोरचं जग न विचारता चित्रात आणून ठेवलं आणि पुढच्यानं तेच मूळ समजून उतरवलं.

पानावरून पान

एका पडवीत प्रत काढण्याचं काम चाललं होतं. चटईवर मांडी घालून बसलेला पंचविशीतला तरुण, समोर लाकडी पाट, पाटावर हातकागद. जुनं पान त्याच्या शेजारी नव्हतं. कडा तुटायला लागल्यात म्हणून घरातली मोठी माणसं ते आता सारखं बाहेर काढू देत नाहीत. त्यानं मोबाइलवर फोटो ठेवला होता. चिमटीत धरून तो मुकुटाची नक्षी मोठी करून बघायचा, मग पुन्हा अख्खं पान.

आधी शिसपेन्सिलीनं बारीक रेघा. पान छोटं-मोठं झालं तरी माणसांमधलं अंतर बिघडता कामा नये, म्हणून तो आधी दोन मुख्य आकृत्या बसवतो आणि मग हत्ती-घोडे, रथ, छत्र. त्यानंतर सपाट रंग. छायाप्रकाश नाही, एका रंगातून दुसऱ्यात मिसळत जाणं नाही. अंगरखा लाल तर सगळाच लाल. पूर्वी रंग दगड, माती, झाडपाला यांतून काढत. तांबडा काव इथल्या जमिनीतच मिळतो, काळ्यासाठी दिव्याची काजळी. रंग कागदाला धरून राहावा म्हणून डिंक. आता बाटलीतले तयार रंग सर्रास वापरले जातात. काही जण गिऱ्हाइकाच्या मागणीनुसार किंवा स्वतःच्या हौसेनं मातीचे रंग घोटतात. रंग वाळले की काळी बाह्यरेषा आणि शेवटी दागिन्यांचे, वस्त्रांच्या काठांचे ठिपके. ठिपक्यांना सगळ्यात जास्त वेळ जातो. बऱ्याच घरांत ते काम बायका आणि मुलं करतात आणि त्यातूनच मुलांचा हात बसतो.

तरुण राम-रावण युद्धाचं पान करत होता. घरातले आबा आतून आले, चष्मा वर करून पाहिलं. फोटोतल्या पानात मागची जागा कोरी होती. यानं तिथं निळे डोंगर आणि दोन ढग घातले होते. गिऱ्हाइकाला मोकळी जागा आवडत नाही, तो म्हणाला. आबा थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “चित्र बरा आसा. पण ह्या ढगाचा मी सांगू काय?”

तरुण हसला. ढग तसेच राहिले, कारण चित्र पुण्याच्या एका घराच्या भिंतीवर जाणार होतं आणि तिथं कुणी काही सांगणार नव्हतं. पण माझ्या प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर दुसऱ्या कुणी दिलं नसतं. पानावरच्या प्रत्येक गोष्टीचं आख्यानात काही काम असायला हवं. रेघ थरथरली तर चालतं, लाल रंग विटकरी झाला तर चालतं, घोड्याचे पाय आखूड झाले तरी चालतं. ज्या गोष्टीविषयी सांगणाऱ्याला काहीच बोलता येत नाही ती घुसली, किंवा ज्याच्यावर बोलायचं तेच गळालं, तर प्रत फसली.

पेटीतली पानं

पुण्यात बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात या परंपरेतली चित्रं पाहायला मिळतात. दिनकर केळकर, म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’, गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, दरवाजे, वाद्यं जमवत असत. पैठण भागातून त्यांना अशी चित्रं मिळाली आणि त्यांना ‘पैठण शैली’ हे नाव पडलं. पुढं अभ्यासकांनी पिंगुळीकडे पाहिलं. व्हॅलेंटिना स्टाखे-रोझेन या जर्मन विदुषीचा पिंगुळीच्या चित्रकथीवरचा अभ्यास 1984 मध्ये प्रसिद्ध झाला. पैठणची चित्रं आणि पिंगुळीची चित्रं यांची जातकुळी एकच, हे आता जाणकार मानतात. पानं जिथं सापडली त्या गावाचं नाव त्यांना चिकटलं, एवढंच.

संग्रहालयात पान सुरक्षित राहतं. वाळवी नाही, पावसाळ्याची ओल नाही. पण काचेमागं गेलं की त्याची एकच बाजू दिसते. पाठीमागच्या चित्रात काय आहे ते पाहणाऱ्याला कळत नाही. पानं वेगवेगळ्या संग्रहांत गेली असतील तर क्रमही तुटतो. सचित्र महाकाव्यांच्या नशिबी हे पुष्कळदा आलंय. अकबरानं महाभारताचा फारसी अनुवाद ‘रज्मनामा’ करवला, त्याची दरबारी प्रत जयपूरला गेली. त्यानंतर 1598-99 मध्ये तयार झालेल्या दुसऱ्या एका सचित्र प्रतीची पानं मात्र सुटी होऊन देशोदेशींच्या संग्रहांत पांगली. प्रत्येक पान देखणं आहे, पण महाभारत म्हणून ते सलग कुठंच उलटता येत नाही.

पिंगुळीतही जुनी पानं विकली गेली. गरज असते, गिऱ्हाईक दारात आलेलं असतं, पोथी वापरात नसते. गेलेल्या पानाच्या जागी नवं पान काढून ठेवलं नाही तर पुढच्या पिढीच्या आख्यानात तिथं खड्डा पडतो. आपल्याकडे देवाधर्माचा जीर्ण ग्रंथ पाण्यात सोडायची रीत आहेच. त्या रीतीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. पाण्यात सोडायच्या आधी नवी प्रत तयार असते.

छापखाना आला तरी

महाकाव्यातल्या प्रसंगांची चित्रं महाराष्ट्रात घराघरांत गेली ती छापखान्यामुळे. राजा रविवर्म्यानं 1894 मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेले राम, कृष्ण, सरस्वती देवघरांत, दुकानांत, दिनदर्शिकांवर जाऊन बसले. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी रंगवलेलं ‘चित्ररामायण’ 1916 मध्ये छापून निघालं. छापील चित्राची हजारावी प्रत पहिलीसारखीच असते. तिच्यात रेघ हलत नाही, आणि चुकूनही कुणी ढग घालत नाही.

तरीही पिंगुळीचे हात थांबले नाहीत, आणि त्याचं कारण भक्तीपेक्षा व्यवहारात सापडतं. छापील चित्र एकेकटं असतं, पाहायला आणि पुजायला. सांगणाऱ्याला लागते ती रांग. तीस-चाळीस पानं, एकाच मापाची, एकाच हाताच्या सवयीची, त्याच्या घराण्याच्या आख्यानाच्या क्रमानं. अशी पोथी कुठलाही छापखाना काढणार नव्हता, कारण तिला गिऱ्हाईक एकच होतं, तो स्वतः. सुतारानं आपल्या हाताच्या बेतानं रंध्याला मूठ बसवून घ्यावी, तशी त्यानं पोथी आपल्या आवाजाच्या बेतानं करून घेतली.

शेजारच्या सावंतवाडीत थोडं वेगळं घडलं. तिथल्या हातानं रंगवलेल्या गंजिफाही प्रतीवरून प्रत अशाच चालत आल्या. गोल पानांवर दशावतार, लाखेचं लुकण. खेळणारे संपले आणि गंजिफा करणारा हात अगदी विझायला आला होता. राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागीर बसवून, स्वतः शिकून ती कला पुन्हा उभी केली. आज त्या गंजिफा भेटवस्तू म्हणून घेतल्या जातात. खेळता येणारं माणूस शोधावं लागतं. चित्र वाचलं, खेळ सुटला. पिंगुळी याच वळणावर उभी आहे.

भिंतीवरचा रावण

आज पिंगुळीतून बाहेर जाणारी चित्रं मुख्यतः सुटी असतात. चौकटीत बसणारं एक चित्र, एका बाजूचं. पाठीला दुसरं चित्र चिकटवायचं कारणच उरत नाही. चित्रकथीतल्या आकृत्या आता साडीच्या पदरावर, शुभेच्छापत्रांवर, कापडी पिशव्यांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर उतरल्यात. शाळा-महाविद्यालयांत कार्यशाळा होतात, मुलं एका दुपारी एक मारुती रंगवून घरी नेतात. यातून घर चालतं, नाक मुरडण्यासारखं त्यात काही नाही. देवळाच्या धान्यावर आणि बिदागीवर आज कुणाचाच संसार चालणार नाही.

पण विक्री कुठल्या चित्राला आहे, यावरून हळूहळू प्रती कशाच्या निघायच्या ते ठरतं. गणपतीला मागणी कायम. राम-सीता, राधा-कृष्ण, दशमुखी रावण खपतात. दूत निरोप घेऊन आलाय, दोन राजे बसून बोलतायत, सैन्य नुसतंच चाललंय, अशा पानांना कोण घेणार? आख्यान मात्र त्याच पानांवर चालतं. युद्धाच्या आधीची बोलणी, बोलण्यांच्या आधीचा अपमान, त्याच्या आधीचा हट्ट, हे सगळं या साध्या पानांवर असतं. त्यांची प्रत निघाली नाही तर पुढच्या पिढीच्या हाताला रावण काढता येईल, पण तो सभेत का चिडला होता हे दाखवणारं पान त्यांनी पाहिलेलंच नसेल.

वस्तीत काही जणांनी यावर आपापला उपाय काढलाय. चित्रं विकण्यासाठी सुटी काढायची, पण घरात एक तरी पोथी सांगण्यापुरती पुरी ठेवायची. मुलांना रंगवायला बसवताना शेजारी आख्यानही म्हणायला लावायचं. पाहुणे आले की चार पानांचं का होईना, टाळ-हुडूक घेऊन सांगून दाखवायचं. तासाभराच्या खेळात अख्खं आख्यान बसत नाही, पण पान उलटायचं असतं हे तरी बघणाऱ्याला कळतं.

बाहेरच्यांनाही दोन गोष्टी करण्यासारख्या आहेत. ज्या संग्रहालयांकडे जुनी पानं आहेत, त्यांनी दोन्ही बाजूंचे स्वच्छ, मोठे फोटो काढून ते गुढीपुरात पोचवावेत. त्या फोटोंवरून हरवलेली पानं पुन्हा काढता येतील आणि तुटलेले क्रम जुळवून पाहता येतील. त्यासाठी मूळ पानं परत द्यायचीही गरज नाही. दुसरी गोष्ट विकत घेणाऱ्याची. चित्र आवडलं की किंमत विचारण्याआधी, याच्या आधीचं पान कुठलं आणि पुढचं कुठलं, ते विचारावं. जमलं तर ती तिन्ही घ्यावीत. मधलं पान तुमच्या भिंतीवर शोभेल. आधीच्या आणि पुढच्या पानाला मागणी आहे एवढं पडवीत कळलं, तर ती पानं काढणारा हात टिकेल, आणि आबांना सांगायला काही तरी राहील.